ट्रॉलीला नंबर मिळू द्या : परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


नवा ट्रॅक्टर घेतला की त्याची नोंदणी आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही, हे सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगतो. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने नव्या वाहनाच्या नोंदणीचा अर्ज करायचे काम विक्रेत्यावर टाकले. अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेले वाहन परिवहन कार्यालयात नेऊन दाखवण्याची अटही काढली. शेतकरी डाउन पेमेंट भरतो, बँकेच्या कागदांवर सह्या करतो, ट्रॅक्टरला हार घालून नारळ फोडतो आणि गावाकडे निघतो. आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, मागाहून येते. ही सुधारणा चांगली झाली आणि ती करणाऱ्यांचे आम्ही आभार मानले पाहिजेत.

अडचण त्यानंतर सुरू होते. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की, घरातला कर्ता गेला की, कर्ज फिटले की, ट्रॅक्टरला पंधरा वर्षे झाली की. या चारही वेळी नियम शेतकऱ्याकडून ज्या गोष्टी मागतात त्या खेड्यात मिळत नाहीत, किंवा मिळाल्या तरी त्यासाठी इतके हेलपाटे घालावे लागतात की माणूस तो नाद सोडून देतो. मग वाहन तसेच रस्त्यावर येते. त्याचा धोका त्या शेतकऱ्याला असतो आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला असतो. म्हणून हे पत्र लिहीत आहे. नोंदणीतून सूट मागण्यासाठी ते नाही. आम्हाला नोंदणी करता यावी, एवढ्यासाठी आहे.

पहिला प्रश्न ट्रॉलीचा. पत्राचा बराचसा भाग तिच्यावरच खर्च करतो, कारण माझ्या मते खरे दुखणे तिथे आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधली ‘मोटार वाहन’ ही व्याख्या वाचली तर त्यात ट्रेलरचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ट्रॉलीला स्वतःचे इंजिन नसले तरी कायद्याच्या लेखी ते स्वतंत्र वाहन आहे. तिची वेगळी नोंदणी लागते, वेगळा क्रमांक लागतो, विम्यात तिची वेगळी नोंद लागते. हे गावात किती जणांना माहीत आहे? हेडला, म्हणजे ट्रॅक्टरला, नंबर आहे, विमा आहे, म्हणजे मागे जोडलेल्या ट्रॉलीलाही तो लागू आहे, असेच बहुतेक जण समजून चालतात. बैलगाडीला कधी ना नंबर लागला, ना विमा. ट्रॉली त्याच बैलगाडीच्या जागी आली आणि तिच्याकडे पाहण्याची नजर जुनीच राहिली.

पण सगळा दोष अज्ञानाला देऊन चालणार नाही. ज्याला माहीत आहे आणि ज्याची इच्छा आहे, तोही आज आपली ट्रॉली सहजी नोंदवू शकत नाही. नोंदणीच्या अर्जाबरोबर निर्मात्याचे विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१ आणि वाहन रस्त्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र म्हणजे नमुना २२ लागते. ही प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार ज्याच्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेने तपासून मंजूर केला आहे, अशा निर्मात्याला असतो. आपल्या ट्रॉल्या कुठे बनतात? तालुक्याच्या रस्त्यावर, बाजारपेठेच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथला कारागीर पिढीजात लोहार असतो किंवा आयटीआय झालेला वेल्डर. चॅनेल, अँगल, पत्रा, जुना एक्सल, टायर घेऊन तो गिऱ्हाइकाच्या जमिनीला आणि मालाला साजेल अशी ट्रॉली बांधून देतो. मोडली तर त्याच दिवशी जोडून देतो, पैसे ऊस गेल्यावर घेतो. शेतकरी त्याच्याकडे जातो ते याच कारणाने. पण नमुना तपासून घेण्याचा खर्च आणि उठाठेव त्या कारागिराच्या आवाक्याबाहेरची आहे. तो साधी पावती देतो आणि तिच्यावर नोंदणी होत नाही. मान्यताप्राप्त निर्मात्याचे कागद आणि गावात बनलेली ट्रॉली यांची सांगड घालून देणारे मध्यस्थ मग याच पोकळीत उभे राहतात.

याचा परिणाम गळीत हंगामात उसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही रस्त्यावर दिसतो. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत नोव्हेंबर ते मार्चपर्यंत रात्रंदिवस उसाच्या खेपा चालू असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, कुठे अंगद नावाची ऊसगाडी, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले. मागच्या ट्रॉलीचा दिवा बंद असतो किंवा मुळात बसवलेलाच नसतो. क्रमांक नसतो, असलाच तर हेडचाच क्रमांक रंगाने लिहिलेला. पंक्चर झाली की ती रस्त्याच्या कडेला उभी राहते, चाकाला दगड लावलेला असतो, आणि अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. अशा अपघाताची बातमी दर हंगामात आपल्या वर्तमानपत्रांत येते. मेलेला माणूस बहुधा पंचवीस-तीस वर्षांचा असतो आणि तोही कुठल्या तरी शेतकऱ्याचाच मुलगा असतो.

त्यानंतर काय होते, ते फारसे कुणी छापत नाही. मृताचे घरचे लोक मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. ट्रॉलीची नोंदणी नाही, पॉलिसीत तिचा उल्लेख नाही, असे मुद्दे विमा कंपनी मांडते. ट्रॅक्टरचा विमा ट्रॉलीमुळे झालेल्या अपघाताला लागू होतो की नाही, यावर तारखांमागून तारखा पडतात. भरपाईचा बोजा शेवटी मालकावर आला तर त्याची जमीन जाते. मालकाकडे काहीच नसेल तर मृताच्या बायकामुलांच्या हाती कोरडा निकाल येतो. दोन्हीकडे एकेक घर बसते. ट्रॉलीची नोंदणी सोपी करा असे मी म्हणतो त्यामागे ही दोन घरे आहेत. ट्रॉलीच्या मागे दिसणारा क्रमांक, परावर्तक पट्टी आणि पॉलिसीवरची एक ओळ यांनी ती वाचू शकतात.

मग करता काय येईल? माझ्या अल्प बुद्धीला सुचते ते मांडतो.

राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली, आणि चारही ठिकाणी कृषी अभियांत्रिकी शिकवली जाते. वाहनांचे नमुने तपासणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी तीन महाराष्ट्रात आहेत : पुण्यातल्या एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई. या मंडळींना एकत्र बसवून शासनाने शेतीच्या ट्रॉलीचे काही मोजके आराखडे तयार करून घ्यावेत. कोकणातल्या भाताच्या खाचरांना आणि घाटवळणांना चालेल अशी लहान, विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस-सोयाबीनसाठी मध्यम, उसासाठी मोठी. एक्सल केवढा, पिन कशी, ब्रेक कुठला, दिवे कुठे, हे सगळे त्यात आलेले असावे. नमुन्याची मंजुरी शासनाने एकदाच, स्वतःच्या खर्चाने घ्यावी आणि आराखडे खुले करावेत. तालुक्यातल्या कारागिराने त्या आराखड्याबरहुकूम काम करण्याची नोंद करून घ्यावी, थोडे प्रशिक्षण घ्यावे आणि आपल्या ट्रॉलीवर चेसिस क्रमांक ठोकून तिचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मिळवावा. त्याचा धंदा वाढेल, ट्रॉली सुधारेल आणि शेतकऱ्याला शहरातल्या कंपनीकडे जावे लागणार नाही. यातल्या काही गोष्टींना केंद्रीय नियमांत बदल लागेल, याची मला कल्पना आहे. वाहनांचा कायदा समवर्ती सूचीतला विषय आहे. नोंदणीच्या प्रकरणापुरते नियम करण्याचा अधिकार कलम ६५ ने राज्याला दिलेला आहे. त्या अधिकारात जे बसते ते राज्याने करावे आणि जे बसत नाही त्याची शिफारस दिल्लीला करावी. देशातल्या साखर उद्योगात महाराष्ट्राचे स्थान पाहता ही शिफारस आपणच करायला हवी.

आज रस्त्यावर असलेल्या ट्रॉल्यांचे काय, हा पुढचा प्रश्न. त्या सगळ्या भंगारात काढा असे म्हणणे अन्याय होईल, आणि ते कुणी ऐकणारही नाही. त्यांच्यासाठी ठरावीक मुदतीची एक वेळची संधी द्यावी. मोटार वाहन निरीक्षकाने ट्रॉली प्रत्यक्ष पाहावी, जोडणी, एक्सल, टायर, दिवे, परावर्तक तपासावेत, कमी असेल ते दुरुस्त करून घ्यावे, चेसिस क्रमांक ठोकावा आणि नोंदणी द्यावी. मालकी सिद्ध करायला कारागिराची पावती आणि शेतकऱ्याचे स्वयंघोषणापत्र पुरेसे मानावे. मागच्या वर्षांचा दंड लावू नये. कलम १९२ नुसार नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणले तर पहिल्याच वेळी दोन हजार ते पाच हजार रुपये दंड आहे. नोंदणीला येणाऱ्याचे स्वागत जर या दंडाने झाले तर कुणीही येणार नाही.

हे काम परिवहन कार्यालयाच्या आवारात करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. ट्रॅक्टर-ट्रॉली पन्नास-साठ किलोमीटर चालवत जिल्ह्याला न्यायची म्हणजे डिझेल गेले, एक दिवस गेला आणि नोंदणी नसलेली ट्रॉली हमरस्त्यावरून नेण्याचा धोका वेगळाच. सिरोंच्याहून गडचिरोलीला जायचे तर दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. परिवहन विभाग तालुक्यांना शिबिर कार्यालये भरवतो, ती पद्धत जुनी आणि उपयोगाची आहे. तीच साखर कारखान्यांच्या आणि बाजार समित्यांच्या आवारात न्यावी. हंगाम साधारण ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो. त्याआधी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कारखान्याचे आवार मोकळे असते, तिथे वजनकाटा असतो, वर्कशॉप असते, वेल्डर असतो आणि ऊस वाहतुकीचे करारही त्याच सुमाराला होत असतात. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे प्रत्येक वाहनमालकाचे नाव, गाव, बँक खाते असते. दोन दिवस निरीक्षक तिथे बसले तर एका कारखान्याच्या परिसरातले काम बरेचसे उरकेल. मग नोंदणी नसलेल्या ट्रॉलीशी वाहतुकीचा करार करू नये, अशी अट कारखान्यांवर घालायलाही आपल्याला नैतिक अधिकार राहील. आज ती अट घातली तर ऊस फडातच वाळेल.

आता शेतीचे वाहन कुठे संपते आणि धंद्याचे कुठे सुरू होते, याविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत कृषी ट्रॅक्टरची व्याख्या आहे : शेतातल्या कामासाठी अवजारे जोडता येतील किंवा शेतमाल वाहायला ट्रेलर ओढता येईल असे चारचाकी वाहन. ते परिवहनेतर वाहन मानले जाते, म्हणून त्याला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागत नाही, परवाना लागत नाही. इथवर सरळ आहे. पण २००५ मध्ये नटवर पारिख कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून मालवाहू वाहन होते, असा निर्णय दिला. तो खटला शेतकऱ्याचा नव्हता. माल वाहून नेणाऱ्या एका कंपनीचा होता. तरी त्याची सावली शेतावर पडते. मी माझा ऊस माझ्या ट्रॉलीतून नेला तर ते शेतीचे काम. शेजारच्या चुलतभावाचा नेला आणि त्याने डिझेलचे पैसे दिले तर? कारखान्याशी करार करून गावातल्या दहा जणांचा नेला तर? द्राक्षाच्या बागेसाठी शेणखत विकत आणले तर? रस्त्यात अडवणारा अधिकारी एक उत्तर देतो, विमा कंपनी दुसरे देते, आणि परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर तिसरे मिळते.

यात एक मोठी विसंगती आहे, ती आपल्या लक्षात आणून देतो. २०१४-१५ पासून सुरू झालेल्या केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात शेतकरी गटांना आणि उत्पादक कंपन्यांना अवजारे बँक उभी करायला अनुदान मिळते. अवजारे बँकेचा उद्देशच मुळी असा आहे की ज्याच्याकडे ट्रॅक्टर घेण्याची ऐपत नाही, त्याला तो भाड्याने मिळावा. राज्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना नव्वद टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देण्याची योजना आहे. त्या गटांच्या पोटापाण्याचा आधारही दुसऱ्याच्या शेतात जाऊन काम करणे हाच आहे. एका खात्याने भाड्याने देण्यासाठी ट्रॅक्टर द्यायचा आणि भाडे घेतले म्हणून दुसऱ्या खात्याने त्याला धंद्याचे वाहन म्हणायचे, हे बरोबर नाही. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या देशात ट्रॅक्टर एकट्याचा असूच शकत नाही. तो गावाचा असतो. म्हणून आपण एक स्वच्छ परिपत्रक काढावे : मालाचा प्रकार पाहावा, भाडे पाहू नये. शेतातून बाजार समितीत, कारखान्यात, गोदामात, शीतगृहात जाणारा शेतमाल आणि शेतात येणारे खत, बियाणे, चारा, रोपे, अवजारे यांची ठरावीक अंतरापर्यंतची वाहतूक म्हणजे शेतीची वाहतूक. वाळू, विटा, मुरूम, खडी म्हणजे धंदा. वाळूचा ट्रॅक्टर शेतीच्या नावाखाली चालवणाऱ्यावर कडक कारवाई करा, आमचा त्याला पाठिंबा आहे. बिनक्रमांकाच्या ट्रॉलीतून रात्री वाळू उपसणाऱ्यांमुळे पहाटे भाजी घेऊन निघालेल्या माणसाकडेही संशयाने पाहिले जाते. स्पष्ट क्रमांक आणि स्पष्ट व्याख्या यांचा सर्वांत मोठा फायदा प्रामाणिक शेतकऱ्यालाच होणार आहे.

स्पष्टता नसली की काय होते, याचा एक दाखला वाहन चालवण्याच्या परवान्याचा. हलक्या वाहनाच्या परवान्यावर कमी वजनाचे मालवाहू वाहन चालवता येते की नाही, हा वाद वर्षानुवर्षे चालला. २०१७ चा मुकुंद देवांगन खटल्यातला निकाल आणि मग नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाचा निकाल आल्यावर साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनांबाबत तो मिटला. तोवर याच मुद्द्यावर किती अपघातग्रस्तांचे दावे लटकले असतील! ट्रॉलीबाबत आपण न्यायालयाची वाट पाहू नये.

दुसरी अडचण घरातला माणूस गेल्यावरची. सात-बारावरचे नाव आणि ट्रॅक्टरच्या आरसीवरचे नाव बहुतेक घरांत एकाच माणसाचे असते, वडिलांचे. ते गेले की केंद्रीय नियम सांगतो की ताबा असलेल्या वारसाने तीस दिवसांत मृत्यूची आणि आपण वाहन वापरणार असल्याची माहिती कार्यालयाला द्यायची, तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वाहन नावावर करून घ्यायचे. तीस दिवसांतले निम्मे तेराव्यापर्यंतच संपतात. उरलेल्या दिवसांत पेरणी किंवा काढणी थांबत नाही. आणि असा काही नियम आहे, हेच ठाऊक नसते. मग ट्रॅक्टर वडिलांच्याच नावावर चालत राहतो. विम्याचे नूतनीकरणही मृत माणसाच्या नावाने होत राहते, आणि अपघात झाला की सगळे उघडे पडते. चार-पाच वर्षांनी कुणी नावावर करायला गेलाच तर सर्व भावाबहिणींची प्रतिज्ञापत्रे लागतात. एक बहीण सुरतेला दिलेली, एक भाऊ मुंबईत, एक अबोला धरून बसलेला. किती खेटे घालायचे?

याला सोपा उपाय आपल्याच महसूल खात्याकडे आहे. जमिनीसाठी वारस नोंद होतेच. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आमचा तलाठी, वारसांची नावे घेतो, नोटीस काढतो, हरकतींना मुदत देतो आणि मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. गावासमोर झालेल्या या चौकशीपेक्षा अधिक चांगला पुरावा कुठल्या स्टँप पेपरवर मिळणार आहे? मंजूर झालेला वारस फेरफार हाच ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या हस्तांतरासाठी वारसांचा पुरावा मानावा. वारस नोंदीच्या अर्जातच एक रकाना ठेवावा : मयताच्या नावे शेतीचे वाहन आहे काय? असेल तर त्याची माहिती परिवहन विभागाला आपोआप जावी आणि तीस दिवसांची अट तिथेच पुरी झाली असे समजावे. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांना हरकत घेण्याची वाट त्यात आहेच.

शिवाय २०२१ पासून नोंदणीच्या वेळी वारसदार म्हणून नामनिर्देशन करण्याची सोय केंद्राने नियमांत आणली आहे. ही सोय फार मोलाची आहे आणि ती गावात पोहोचलेलीच नाही. बँकेच्या खात्याला वारस लावतात हे आता प्रत्येक घरात माहीत आहे. ट्रॅक्टरलाही लावता येतो, हे सांगायला कुणी गेले नाही. विक्रेत्याने अर्ज भरताना तो रकाना मोकळा सोडू नये, असे बंधन घाला. जुन्या ट्रॅक्टरमालकांसाठी शिबिरांत नामनिर्देशन करून घ्या. इथे मला आणखी एक सुचवावेसे वाटते. ज्या घरात शेतीचे काम बाई सांभाळते, तिथे ट्रॅक्टर तिच्याच नावे नोंदवला जावा म्हणून शुल्कात सवलत द्यावी. कर्जबाजारी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर ट्रॅक्टरसाठी सासरच्यांशी भांडत बसलेल्या स्त्रिया विदर्भ-मराठवाड्यात आहेत. आरसीवरचे नाव हे त्यांच्यासाठी कागदापेक्षा कितीतरी जास्त आहे.

कर्जाच्या बोज्याविषयी थोडक्यात. हप्ते फिटले तरी आरसीवरचा बोजा उतरवायला बँकेचे पत्र, नमुना ३५, पुन्हा कार्यालय, असे सगळे करावे लागते. बँकेने कर्जखाते बंद केले की तो बोजा परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत आपोआप उतरला पाहिजे, शेतकऱ्याने अर्ज करण्याची गरज पडू नये. भूविकास बँकांच्या कर्जावर घेतलेल्या जुन्या ट्रॅक्टरांची गोष्ट वेगळी आहे. बँका अवसायनात गेल्या, शाखा बंद झाल्या, पत्र द्यायला कुणी उरले नाही. अशा बोज्यांसाठी सहकार खात्याने एक अधिकारी नेमावा आणि त्याच्या यादीवरून ते एकगठ्ठा उतरवावेत.

पंधरा वर्षे झालेल्या ट्रॅक्टरचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. शहरातल्या मोटारीचे पंधरा वर्षांत जेवढे चालणे होते, त्याच्या काही अंशानेच ट्रॅक्टर रस्त्यावर येतो. बाकीचे त्याचे आयुष्य बांधाच्या आत जाते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्ये हरित कराचा प्रस्ताव मांडला, तेव्हा शेतीत वापरले जाणारे ट्रॅक्टर, हार्वेस्टर आणि टिलर त्यातून वगळले होते. म्हणजे शेतीचे वाहन वेगळ्या मापाने मोजले पाहिजे, हे तत्त्व केंद्रानेच स्वीकारलेले आहे. तेच माप नोंदणीच्या नूतनीकरणाला लावावे. तपासणी व्हावी, पण ती तालुक्यात व्हावी आणि शुल्क नाममात्र असावे.

जुन्या ट्रॅक्टरची आणखी एक अडचण उच्च सुरक्षा नंबरप्लेटची. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना ती बंधनकारक झाली. ट्रॅक्टरसाठी दर दुचाकीएवढाच, कर सोडून ४५० रुपये ठेवला, हे योग्यच झाले. तरीही २०२५ मध्ये मुदत पुन्हापुन्हा वाढवावी लागली. खेड्यातले कारण पैशाचे नव्हते. जुन्या ट्रॅक्टरची नोंद संगणकात अपुरी, नावातले एक अक्षर आधारशी न जुळणारे, आणि मोबाइल क्रमांक म्हणून त्या वेळच्या एजंटाचा किंवा विक्रेत्याचा नंबर टाकलेला. ओटीपी त्याच्याकडे जातो. तो आता कुठे आहे कुणालाच माहीत नाही. ‘फेसलेस’, म्हणजे कार्यालयात न जाता मिळणाऱ्या, सेवा शहरात खरोखर उपयोगी पडतात, गावात मात्र त्या याच ओटीपीपाशी अडतात. आज राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा केलेला आहे. त्यात जमीन, आधार, मोबाइल सगळे जोडलेले आहे. तोच क्रमांक ‘वाहन’ प्रणालीला जोडला तर पत्ता, ओळख, जमीन यांचे वेगळे पुरावे मागायची गरजच उरत नाही, आणि आपले सरकार केंद्रावर बसलेला मुलगासुद्धा अर्ज पुरा करू शकेल. परिवहन खात्याच्या सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात. त्यांची मुदत आणि अपील कुणाकडे करायचे, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लिहिले जावे.

आमच्यातलेच काही मित्र म्हणतात की शेतीच्या वाहनाला नोंदणीच नको, सगळे माफ करा. त्यांचा राग मला समजतो. भाव पडलेले असताना, नुकसान भरपाई अडकलेली असताना आणखी एका खात्याचे कागद कुणाला हवेत? तरी मी त्यांच्याशी सहमत नाही. क्रमांक नसलेली ट्रॉली चोरीला गेली तर पोलिसात काय सांगणार? विमा नसताना अपघात झाला तर जमीन वाचवणार कोण? आणि ज्या पोराला ती ट्रॉली दिसली नाही, त्याच्या आईला आम्ही काय सांगणार? जादा वजनासाठी कलम १९४ मध्ये वीस हजारांचा दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. तो कमी करा अशीही माझी मागणी नाही. ट्रॉलीत माणसे बसवायची मुभा द्या असे तर मुळीच नाही. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बायकापोरांसह ट्रॉलीत बसून बीडहून निघतात, ते थांबलेच पाहिजे, आणि त्यांच्यासाठी एसटीची सोय करणे आपल्याच खात्याच्या हातात आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. ट्रॅक्टर घेणारे वाढतील आणि प्रत्येक नव्या ट्रॅक्टरमागे एक नवी ट्रॉली त्याच पत्र्याच्या शेडमध्ये बांधली जाईल. म्हणून ट्रॉलीचे आराखडे आणि एक वेळच्या नोंदणीची संधी, या दोन गोष्टी सर्वांआधी घ्याव्यात. बाकीच्यांना वेळ लागला तरी समजून घेऊ. पुढच्या हंगामाआधी उसाच्या पट्ट्यातल्या निदान एका जिल्ह्यात कारखान्याच्या आवारातली शिबिरे सुरू करून पाहावीत. गावोगाव दवंडी देण्याचे, ट्रॉल्या रांगेत उभ्या करण्याचे, कारागिरांना बोलावून आणण्याचे काम आम्ही शेतकरी करू. निरीक्षक आणि चेसिस क्रमांक ठोकायचा पंच तेवढा आपण पाठवावा.

आपला,
सोलापूर जिल्ह्यातील एक ऊस उत्पादक शेतकरी